ग्रासकटर ठेवून देण्याआधी पेट्रोल काढा : छोट्या पेट्रोल इंजिनांची देखभाल

कातळसडा
२६ नोव्हेंबर, रात्री ९.१०

बागांतली बेणणी आता उरकत आली. कलमांखालचं, काजूखालचं रान कापून झालं की ग्रासकटर पडवीत नाहीतर मांगरात टांगला जातो आणि त्याची आठवण होते ती थेट पुढच्या आषाढात. मग दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि मशीन काही चालू होत नाही. राजापूर तालुक्यात माझं छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं काम आहे. पावसाळ्याच्या तोंडाला माझ्याकडे जी मशीन येतात, त्यांतली झिजून गेलेली फार थोडी. बाकीची सगळी आत राहिलेल्या पेट्रोलने बिघडलेली असतात. हा खर्च पूर्ण टाळता येतो, म्हणून हा धागा आत्ताच, मशीन टांगायच्या आधी काढतोय.

आत काय होतं ते सांगतो. ग्रासकटरचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, मुठीत मावेल एवढा. चार स्क्रू काढले की खालच्या बाजूला काळा, पातळ, रबरी डायफ्रॅम दिसतो. चांगला असेल तर बोटाने हलका दाबल्यावर तो आवाज न करता लवतो. पेट्रोल आत ठेवलेल्या मशीनचा डायफ्रॅम ताठ झालेला असतो, दाबला की टक् असा आवाज येतो. त्याच्या आतल्या इवल्याशा जाळीवर पिवळट चिकट थर बसलेला असतो आणि कडेच्या ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरलेली असते. हवेने पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, जड भाग चिकट होऊन राहतो. हे पूर्वीही व्हायचं. पांढरी पूड मात्र हल्ली जास्त दिसते आणि ती पाणी धरलेल्या इथेनॉलमुळे.

आपल्या देशाने जून २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. आज पंपावर मिळतं ते ई२०. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातली हवा तुम्हाला माहीतच आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळून राहतं. त्यापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. आपली नळी आणि फिल्टर कुठे असतात? तळाशीच. टू-स्ट्रोक मशीनमध्ये, म्हणजे ज्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, हे आणखी वाईट, कारण ते ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. इंजिनाला जातं ते ऑइल नसलेलं पाणी-इथेनॉल. असं इंजिन चालूच झालं नाही तर नशीब चांगलं. चालू झालं तर पिस्टन ओरखडतो.

गाडीला हा त्रास एवढा होत नाही, कारण टाकीतलं पेट्रोल सतत बदलत राहतं आणि नव्या गाड्यांत इंजेक्शन आहे, सेन्सर मिश्रण सांभाळून घेतो. आपल्या कार्बोरेटरला मेंदू नाही. १ किलो निव्वळ पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. जुन्या कार्बोरेटरची भोकं पहिल्या हिशोबाची आहेत. म्हणजे त्याच भोकातून ई२० जातं तेव्हा इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी पडतं आणि ते जास्त तापतं. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत इथेनॉल किती चालतं ते लिहिलेलं असतं. बऱ्याच जुन्या मशीनना १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे.

आता ठेवून देण्याची पद्धत. टाकी पूर्ण ओतून रिकामी करा. मग मशीन चालू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. बंद पडल्यावर प्रायमरचा, म्हणजे हाताने पेट्रोल ओढायचा, फुगा दाबा, नळीतलं उरलेलं वर येईल. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद पडू द्या. मशीन गार झालं की ठिणगी पाडणारा प्लग काढून भोकात चमचाभर स्वच्छ ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा अगदी सावकाश ओढा, प्लग लावा. फोर-स्ट्रोक, म्हणजे ऑइल वेगळं भरायचं मशीन, असेल तर दोरी जड लागेल तिथपर्यंत आणून सोडून द्या. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, सिलिंडरमध्ये दमट हवा जात नाही. मशीन खताच्या गोणींशेजारी टांगू नका, खताच्या ओलीने धातू गंजतो. न्हाणीघरातल्या बंबाजवळ किंवा चुलीच्या खोलीत तर मुळीच नको. उंदीर पेट्रोलची नळी कुरतडतात, तेव्हा जमिनीवर ठेवण्यापेक्षा टांगलेलं बरं.

आणि ज्यांची फवारणी सुरू होतेय त्यांच्यासाठी : पंपाचं इंजिन आत्ता बाहेर निघेल. त्यात गेल्या हंगामाचं पेट्रोल असेल तर चालू करून बघू नका. आधी ओतून टाका. डायफ्रॅमऐवजी फ्लोट, म्हणजे तरंगता तुकडा, असलेल्या कार्बोरेटरला खाली पेट्रोलची वाटी असते, तिच्या बुडाला निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सैल करून वाटीतलं एका बाटलीत काढा आणि उजेडात धरून बघा. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर वाटी उघडूनच साफ करावी लागेल.

रोजच्या वापरातलं थोडक्यात. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थेंब सोडून पिळून लावा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, हलका आपटून झाडायचा, नाहीतर बदलायचा. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ फार बारीक, ती फाटक्या फिल्टरमधून आत गेली की सिलिंडर घासून काढते. इंजिनाच्या पंखांत आणि दोरीच्या झाकणाच्या जाळीत अडकलेलं गवत रोज संध्याकाळी ब्रशने काढा. हे इंजिन हवेवर गार होतं, ती वाटच बुजली तर ते भाजून निघतं.

प्रश्न असतील तर विचारा. मशीन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक तेवढं लिहा.

रानमेवा
२६ नोव्हेंबर, रात्री १०.०२

फार वेळेवर धागा काढलात. देवगडला आमची कलमं आहेत. मशीन टू-स्ट्रोक. ऑइलचं प्रमाण हा आमच्याकडे कायमचा वाद. दुकानदार सांगतो लिटरला २०, गडी म्हणतो ४० टाका, मशीन जास्त टिकतं. शेजारचे काका तर बाटलीच्या बुचाने मोजतात. नक्की किती?

कातळसडा
२६ नोव्हेंबर, रात्री १०.३१

दोन्ही प्रमाणं खरी आहेत, पण वेगवेगळ्या मशीनची. ५०:१, म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली. ४०:१ म्हणजे २५ मिली. २५:१ म्हणजे ४० मिली. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत जे छापलंय तेच तुमचं प्रमाण.

जास्त ऑइल टाकलं की मशीन टिकतं हा समज सोडून द्या. एका लिटरमध्ये ऑइल वाढलं म्हणजे तेवढं पेट्रोल घटलं, म्हणजे मिश्रण आणखी सुकं झालं. वर प्लग काळा होतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन साचतो. कमी टाकलं तर काय होतं ते सांगायला नकोच.

ऑइल एअर कूल्ड टू-स्ट्रोकचंच घ्या, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (ऑइलच्या दर्जाच्या जपानी खुणा) असं लिहिलेलं. एफडीमध्ये कार्बन कमी धरतो. होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल किनाऱ्यावर सहज मिळतं, पण ते पाण्याने गार होणाऱ्या इंजिनासाठी आहे, ग्रासकटरला वापरू नका. आणि चारचाकीचं इंजिन ऑइल तर कधीच नाही.

मिसळताना आधी अर्धं पेट्रोल, मग मोजून ऑइल, डबा हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. टाकीत ओतायच्या आधी दर वेळी डबा हलवायचा. औषधाच्या दुकानात मिलीच्या खुणा असलेली सिरिंज मिळते, ती गड्याच्या हाती द्या म्हणजे बुचाचा प्रश्न मिटेल. तयार मिश्रण महिन्याच्या आत संपवा, लागेल तेवढंच बनवा.

जुनाजाणता
२७ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

मी या मताशी सहमत नाही. कार्बोरेटर कोरडा ठेवला की डायफ्रॅम सुकून आक्रसतो असं मी बऱ्याच मेकॅनिकांकडून ऐकलंय. त्यापेक्षा महिन्यातून एकदा मशीन चालू करून पाच मिनिटं फिरवावं. आमचा कटर असाच चांगला राहिलाय.

कातळसडा
२७ नोव्हेंबर, दुपारी १.२०

काका, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याला अट आहे. दर महिन्याला नेमाने आणि ताज्या पेट्रोलवर चालवत असाल तर ती पद्धत चालते. बागेचे मालक मुंबईला आणि मशीन गावाला, अशा घरांत हे होत नाही. एखादा महिना चुकतो, मग दोन चुकतात. शिवाय पाच मिनिटं रिकामं फिरवल्याने इंजिन पुरतं तापत नाही, आतली ओल उडत नाही. चालवायचंच तर दहा-पंधरा मिनिटं थोडं गवत कापत चालवा.

आक्रसण्याबद्दल : कोरडा ठेवलेला डायफ्रॅम आणि आंबलेल्या पेट्रोलमध्ये बुडालेला डायफ्रॅम, दोन्ही बाकावर शेजारी ठेवून बघितले की कोरडा ठेवलेलाच मऊ निघतो. बहुतेक पुस्तिकाही कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा असंच सांगतात, नाहीतर डायफ्रॅम एकमेकांना चिकटतात. आणि डायफ्रॅम गॅस्केटचा संच मिळतो, पूर्ण कार्बोरेटर बदलायची गरज क्वचितच असते. दुरुस्तीवाल्याने सरळ नवीन कार्बोरेटर सांगितला तर आधी संच बदलून बघायला सांगा.

दापोलीकरीण
२७ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

दादा, जनरेटरबद्दल लिहाल का? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या भागातली वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. त्यानंतर आम्ही छोटा पेट्रोल जनरेटर घेतला, फोर-स्ट्रोक. तो वर्षातून जेमतेम गणपतीत लागतो. यंदा गणपतीत फार मुश्किलीने चालू झाला. वादळाच्या दिवशी असं झालं तर घेऊन उपयोग काय?

कातळसडा
२७ नोव्हेंबर, रात्री ९.२६

ताई, जनरेटरला जुनाजाणता काकांची पद्धतच बरोबर, कारण तो कुठल्या दिवशी लागेल ते आपल्या हातात नाही. महिन्यातून एक दिवस ठरवून घ्या, उदाहरणार्थ संकष्टी, आणि पंधरा-वीस मिनिटं भारावर चालवा, म्हणजे फ्रीज, पंखे, पाण्याची छोटी मोटर काहीतरी लावून. बंद करताना स्विचने बंद करू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिनाला वाटीतलं पेट्रोल संपवून स्वतः थांबू द्या. मग वाटी कोरडी राहते आणि जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, बुजत नाही. काही मॉडेलमध्ये कॉक आणि स्विच एकाच खटक्यावर असतात, तिथे वाटीचा निचरा स्क्रूनेच करावा लागतो. टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी ते स्कूटरमध्ये ओतून संपवा. फोर-स्ट्रोकचं पेट्रोल बिनऑइलचं असल्यामुळे ते वाया जात नाही. मे महिन्यात ताजं भरून ठेवा.

ऑइल तापलेलं असताना बदला, पातळ असतं म्हणून घाण घेऊन बाहेर येतं. वापर कमी असला तरी वर्षातून एकदा तरी बदलायचंच.

एक कळकळीची विनंती. पाऊस आहे म्हणून जनरेटर पडवीत, खिडकीखाली किंवा बंद खोलीत चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. घरापासून लांब, तोंड घराच्या उलट दिशेला, वर पत्र्याचं उघडं छप्पर, अशी जागा आत्ताच करून ठेवा. वादळात ती सुचत नाही.

शिवारफेरी
२८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

आम्ही जुन्नरकडचे. पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र आहे, १६३ सीसीचं इंजिन. सपाटीला झकास चालतं. उताराच्या वावरात गेलं की मधेच गपकन बंद पडतं, सपाटीला आणलं की पुन्हा चालू. दुकानात दाखवलं, त्यांनी प्लगला वीज देणारी कॉइल बदलली, फरक काही नाही.

कातळसडा
२८ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

भाऊ, कॉइलचा दोष वाटत नाही. या मापाच्या बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. उतारावर ऑइल एका बाजूला जातं, सेन्सर उघडा पडतो, त्याला वाटतं ऑइल संपलं. आधी मशीन अगदी सपाट जागी ठेवून ऑइलची पातळी बघा. भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल आलं पाहिजे. १६३ सीसीच्या इंजिनात जेमतेम ६०० मिली ऑइल मावतं, त्यातलं थोडं जळालं तरी उतारावर लगेच जाणवतं. बहुतेक वेळा पातळी भरली की तक्रार मिटते.

सेन्सरची वायर काढून टाका असा सल्ला कोणीतरी देईल. तसं करू नका. ही इंजिनं साधारण २० अंशांपर्यंतच्या तिरकेपणासाठी बनवलेली आहेत. त्याहून जास्त चढाला ऑइल खरोखरच पोचत नाही, सेन्सर तुमचं इंजिन वाचवतोय. खांद्यावरच्या छोट्या फोर-स्ट्रोक कटरची रचना वेगळी, ती कुठल्याही कोनात चालतात.

ऑइल नव्या इंजिनात पहिल्या २० तासांनी, मग दर १०० तासांनी, धुळीत काम असेल तर त्याआधीच. १०डब्ल्यू-३० जाडीचं चालतं. खांद्यावरच्या ३५ सीसीच्या फोर-स्ट्रोक कटरमध्ये फक्त १०० मिली ऑइल असतं आणि वेगळा ऑइल फिल्टर नसतो, म्हणून त्याचं पहिलं ऑइल १० तासांनी आणि मग दर ५० तासांनी बदलायचं. रोज सकाळी पातळी बघायची ती याच्यासाठी.

तुमच्याकडची धूळ बघता एअर फिल्टर ऑइल बाथचा, म्हणजे खालच्या वाटीतल्या ऑइलमध्ये धूळ धरणारा, आहे का? असेल तर खालच्या वाटीतलं ऑइल चिखलासारखं झालं की ओतून, वाटी धुऊन, खुणेपर्यंत नवीन भरा. खुणेच्या वर नको.

शिवारफेरी
२८ नोव्हेंबर, रात्री ८.१५

ऑइल खरंच कमी निघालं. भरलं आणि उतारावर चालवून बघितलं. चाललं! कॉइलचे पैसे गेले ते गेले. फिल्टर ऑइल बाथचाच आहे, वाटीत नुसता गाळ होता. मनापासून आभार.

हिमरेषा
२९ नोव्हेंबर, पहाटे ४.३०

मिनेसोटातून लिहितेय. इथे गवत कापायचं यंत्र ऑक्टोबरात ठेवायचं आणि बर्फ फेकायचं यंत्र काढायचं, म्हणजे तुमच्या कटर-फवारणीच्या जोडीसारखंच. इथल्या पंपावर साधारण ई१० मिळतं. ई१५ सुद्धा असतं, पण छोट्या इंजिनांत ते वापरायला अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेची बंदी आहे आणि तशी पट्टी पंपावरच चिकटवलेली असते. म्हणून ई२० चं वाचून काळजी वाटली.

इथे लोक दोन गोष्टी करतात. काही पंपांवर बिनइथेनॉलचं पेट्रोल वेगळं मिळतं, ते फक्त छोट्या मशीनसाठी आणतात. आणि पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर टाकतात. ते ताज्या पेट्रोलमध्येच टाकायचं आणि मग मशीन दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. खराब झालेलं पेट्रोल त्याने सुधारत नाही. टाकीत टाकून मशीन तसंच ठेवलं तर काहीही उपयोग होत नाही, हे इथेही लोक विसरतात.

रानमेवा
२९ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

आपल्याकडे महाग पेट्रोल मिळतं, जास्त ऑक्टेनचं, त्यात इथेनॉल नसतं असं म्हणतात. ते टाकलं तर?

कातळसडा
२९ नोव्हेंबर, दुपारी २.१०

ऑक्टेन जास्त म्हणजे इथेनॉल नाही असं समीकरण नाही. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्तच आहे. आपल्या इंजिनांना साधं ९१ ऑक्टेन भरपूर झालं, त्यावरचे पैसे ताकद वाढवत नाहीत. बिनइथेनॉलचं असेल तरच त्याचा उपयोग, आणि ते घरी तपासता येतं.

काचेची किंवा आरपार दिसणारी, मिलीच्या खुणांची अरुंद नळी घ्या. १० मिली पाणी, त्यावर ५० मिली पेट्रोल. बूच लावून नीट हलवा, मधेच बूच सैल करून वाफ सोडा, मग अर्धा तास स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १० मिलीवरच राहिला तर इथेनॉल नाही. १५ च्या आसपास आला तर ५ मिली उतरलं, म्हणजे १० टक्के. २० च्या आसपास आला तर ई२०. अगदी काटेकोर नाही, पण आपल्या कामाला पुरेसं. हे अंगणात, चूल-बिडी लांब ठेवून करा आणि ते पेट्रोल पुन्हा मशीनमध्ये ओतू नका.

हिमरेषाताई, स्टॅबिलायझरची माहिती उपयोगी आहे. इथे ते ऑनलाइन मिळतं, पण पूर्ण रिकामं करणं फुकट आहे आणि जास्त भरवशाचं.

काजूबी
३० नोव्हेंबर, सकाळी ८.००

लांज्याहून. टू-स्ट्रोक कटर. चोक लावला की चालू होतो, चोक काढला की मरतो. आणि भावाचा कटर वेगळंच करतो : चालू लगेच होतो, पंधरा-वीस मिनिटं कापतो, मग हळूहळू मान टाकतो. थोडं थांबून पुन्हा चालू होतो.

कातळसडा
३० नोव्हेंबर, दुपारी १.५०

तुमचा आधी. चोक म्हणजे हवा अडवणं. हवा अडवल्यावरच चालतो याचा अर्थ पेट्रोल कमी पोचतंय. क्रमाने बघा. टाकीतला फिल्टर आकड्याने बाहेर काढा, काळपट किंवा चिकट असेल तर बदला, तो स्वस्त असतो. मग नळी वाकवून बघा, ताठ झाली असेल किंवा टोकाला चीर असेल तर तिथून हवा ओढली जाते. प्रायमरचा फुगा चिरलाय का बघा. हे सगळं ठीक असेल तर दोष डायफ्रॅम नाहीतर जाळीत. सुरुवातीलाच कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला घेऊ नका. घाण तशीच राहते आणि कंपनीची मूळ जुळणीही हातची जाते.

भावाच्या मशीनला पुढच्या वेळी मान टाकली की लगेच टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि मशीन सावरलं तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल जातं तशी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत निर्वात होतो. झाकण धुवा, नाहीतर बदला.

झाकणाने फरक पडला नाही आणि मशीन मंद गतीवर ठीक पण ॲक्सिलेटर दिल्यावर जोर धरत नाही असं असेल तर सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काढून बघा. ही बारीक तारेची जाळी ठिणग्या अडवायला असते, कार्बनने ती गच्च भरते. मोकळ्या जागेत तापवून, तारेच्या ब्रशने घासून पुन्हा लावायची. पुन्हा लावायची हे मुद्दाम लिहितोय, कारण काही ठिकाणी ती काढून फेकून देतात. डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत वाळलेलं असतं. वणवा अडवायला गवताची पट्टी कापायची म्हणून कटर न्यायचा आणि त्याच्याच ठिणगीने आग लागायची, हे परवडणारं नाही. वणव्याने एका दुपारी जळालेली कलमं पुन्हा धरायला वर्षं जातात. याच कारणासाठी तापलेलं मशीन वाळल्या गवतावर ठेवू नका, उघड्या कातळावर ठेवा, आणि पेट्रोल भरायच्या आधी गार होऊ द्या.

प्लगचंही बघून घ्या. तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे फिल्टर भरलाय. ओलसर तेलकट काळा म्हणजे ऑइल जास्त. पांढरा पडला असेल तर मशीन तापतंय, वापर थांबवा आणि हवा कुठून ओढतंय ते शोधा. प्लगच्या टोकांमधली फट बऱ्याच मशीनना ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते, काहींना ०.५, पुस्तिका बघा. प्लग आधी हाताने शेवटपर्यंत फिरवायचा, मगच पाना लावायचा. पान्यानेच सुरुवात केली आणि आटे वाकडे गेले तर ॲल्युमिनियमचं हेड गेलं म्हणून समजा.

काजूबी
३० नोव्हेंबर, रात्री ९.४०

भावाचं झाकणच निघालं. माझ्या कटरची नळी टोकाला चिरलेली होती, उद्या नवीन आणतो. गिअरच्या डोक्यात ग्रीस कधी भरायचं? ते हात लावता येणार नाही इतकं तापतं.

कातळसडा
१ डिसेंबर, सकाळी ७.३०

तापतंय म्हणजे आत ग्रीस उरलेलं नाही. बाजूचा बोल्ट काढा, ब्लेड हाताने सावकाश फिरवत लिथियम ग्रीस भरा, जुनं काळं बाहेर येईल ते पुसा. ब्लेडला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायची, न चुकता. साधारण २५ तासांच्या कामाला एकदा भरत जा.

एक गोष्ट विचारतो, नायलॉन दोरी वापरता का? आणि गार्ड काढून टाकलाय का? गार्डला एक छोटी पाती असते, ती दोरी ठरावीक लांबीला कापते. गार्ड काढला की गडी दोरी लांब सोडतात, एका फेरीत जास्त कापलं जातं म्हणून. त्या लांबीने इंजिन दबतं, क्लच घसरतो, डोकं तापतं आणि इंजिनही. शिवाय दगड सरळ नडगीवर येतो. गार्ड परत लावा. आणि कापताना ॲक्सिलेटर पूर्ण द्यायचा. अर्ध्यावर चालवून पेट्रोल वाचत नाही, क्लच जळतो. उलट मंद गतीवर ब्लेड अजिबात फिरता कामा नये. फिरत असेल तर मंद गतीचा स्क्रू किंचित कमी करा.

वेंगुर्लेकर_बागायत
१ डिसेंबर, दुपारी ४.१५

फवारणीच्या पंपाबद्दल आणखी थोडं सांगा. तुमचा धागा वाचून वाटीचा स्क्रू उघडला, खाली पाणी होतं. वाटी साफ केली, आता इंजिन छान चालतं. पण पंपाच्या ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत ऑइल दुधासारखं दिसतंय.

कातळसडा
१ डिसेंबर, रात्री ८.५५

पंपाचं ऑइल इंजिनाच्या ऑइलपेक्षा वेगळं असतं, दोन्हींची भरण्याची भोकं वेगळी. पंपाचं ऑइल दुधाळ झालं म्हणजे त्यात पाणी शिरलंय, बहुधा सील गेलंय. नुसतं ऑइल बदललं तर पुन्हा तसंच होईल. आधी सील बदला, मग ऑइल, आणि पहिल्या दिवसाच्या फवारणीनंतर काच परत बघा. वरच्या ग्रीसच्या वाट्या दर दोन-तीन तासांनी थोड्या फिरवत जा. पाण्याशिवाय पंप अजिबात चालवू नका, पॅकिंग लगेच जळतं. काम संपल्यावर आधी स्वच्छ पाणी ओढून औषध धुऊन काढा, मगच पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन थांबू द्या.

जुनं काळं ऑइल व्हाळात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका. डब्यात साठवा, गॅरेजवाले घेतात.

वेंगुर्लेकर_बागायत
१ डिसेंबर, रात्री ९.२०

सील उद्या कुडाळहून आणतो. पहिली फवारणी परवा आहे. काच कशी राहते ते इथेच लिहितो.